टेंपो ट्रॅव्हलरचं मोटरहोम करूलालोय, सोलर आणि बॅटरीचं वायरिंग कसं करू?

खानापूरचा पावणा
नमस्कार मंडळी. जुनी टेंपो ट्रॅव्हलर घेतलीय, केए 22 पासिंग, सीटा काढून आत दोन बर्थ, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवायचं काम ऑटोनगरात चालू हाय. आई-बाबांना घेऊन सौंदत्ती, पंढरपूर, गणपतीपुळे असं निवांत फिरायचं, लॉज शोधत बसायला नको. आता अडलंय ते करंटपाशी. घरावर सोलर बसवताना 540 वॅटची दोन पॅनल उरलीत, ती टपावर टाकावी म्हणतोय, बॅटरी लिथियमची. लोड म्हणजे 12 व्होल्टचा छोटा फ्रिज (बाबांचं इन्सुलिन असतंय, म्हणून तो रात्रंदिवस चालू), दोन पंखे, लाइट, मोबाइल आणि चटणीपुरता मिक्सर. बायको इंडक्शन पण म्हणूलाल्या. बॉडीवाल्याकडचा वायरमन म्हणतोय बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवू, 1000 वॅटचा इन्व्हर्टर मागं ओट्याखाली, आणि मधनं घरातली 4 स्क्वेअरची (4 चौरस मिमी जाडीची) वायर ओढू, काय होत नाही. मला काय ते पटेना. कुणी केलंय काय असलं?

उद्यमबागवाला
तुम्हाला पटेना ते बरंच झालं. घरात 230 व्होल्ट असतंय म्हणून 1000 वॅटला साडेचार अँपियरसुद्धा लागत नाही, 4 स्क्वेअरची वायर तिथं आरामात चालते. गाडीत 12 व्होल्ट, तेच 1000 वॅट घ्यायला इन्व्हर्टरचा लॉस धरून 90 च्या आसपास अँपियर ओढणार. सीटखालून मागं ओट्यापर्यंत 3 मीटर धरा, जाऊन-येऊन 6 मीटर वायर, 4 स्क्वेअरमध्ये अडीच व्होल्ट वाटेतच गायब आणि सव्वादोनशे वॅटची उष्णता त्या वायरीत, ती पण प्लायवूडच्या आत. इन्व्हर्टर लो व्होल्टेज म्हणून कुंई कुंई करत बसेल, नाहीतर वायर वितळेल. म्हणून इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारीच ठेवा, हातभर अंतर, मध्ये 35 स्क्वेअरची तांब्याची केबल. लांब न्यायचंच असेल तर 230 चं आउटपुट न्या की मागं, तिथं साधी वायर चालते.

केबलच्या टोकाला लावायचा लग हातोडीनं ठोकून बसवू देऊ नका. हायड्रॉलिक क्रिंपिंगवाल्याकडं न्या, दाबल्यावर केबल धरून जोरात ओढून बघा, एक तार जरी सरकली तरी परत करायला लावा. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत, 125 अँपियरचा, क्लास टी मिळाला तर उत्तम. फ्यूज केबलला वाचवायला असतोय, इन्व्हर्टरला नव्हे, म्हणून तो इन्व्हर्टरकडच्या टोकाला लावून उपयोग शून्य. आणि घरातली एसी एमसीबी डीसीला लावतात लोक, डीसीचा आर्क तिच्यात विझत नाही, डीसीचीच घ्या आणि तिच्यावर प्लस-मायनस छापलेलं असेल तर तसंच जोडा.

आता पॅनल. दोन्ही सीरीजमध्ये जोडायचा मोह होईल, पण 540 वाल्याचं ओपन सर्किट (काही जोडलेलं नसतानाचं) व्होल्टेज 49-50 असतंय, दोन मिळून 99, आणि थंडीत व्होल्टेज वाढतंय. जानेवारीत पहाटे आपल्याकडं 12-13 डिग्री असताना ते 102 च्या पुढं जाईल, 100 व्होल्टची एमपीपीटी (पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर) असेल तर खल्लास. त्यात एकेक पॅनल सव्वादोन मीटरचं, 28 किलोच्या आसपास. तुमच्या लोडला एकच बास, 40 अँपियरची एमपीपीटी लावा. स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर घेऊ नका, चालताना 41 व्होल्ट देणारं पॅनल 12 च्या बॅटरीवर ओढून निम्म्याहून जास्त वाया घालवेल. इंडक्शनचं वहिनींना समजावून सांगा, 2000 वॅट म्हणजे 180 अँपियर. गॅस ठेवा.

निपाणीकर आण्णा
लिथियम कशाला एवढं? 150 एएचची ट्युब्युलर (घरच्या इन्व्हर्टरची अॅसिडवाली) टाका, कुठल्याबी गावात दुरुस्तीवाला मिळतोय.

उद्यमबागवाला
आण्णा, घरात ठीक हाय. ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि ही माणसं तिच्या डोक्यावर झोपणार. वजन 50 किलोच्या वर, आणि टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे 900 वॅट-अवर हातात. यांचा दिवसाचा खप मी काढला, फ्रिज 500, पंखे रात्रभर 450, बाकी दोनशे, म्हणजे 1150 च्या घरात. लिथियम आयर्न फॉस्फेटची 100 एएच म्हणजे 1280, ती पण काठावरच. 200 घ्या, आणि बीएमएस (बॅटरीच्या आतलं तिला सांभाळणारं सर्किट) सलग किती अँपियर देते ते विचारूनच घ्या, मिक्सर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढतोय.

शहापूरची सुनबाई
आमची पण हाय अशी गाडी, म्हणून सांगते. वर सगळं उन्हाचा हिशोब चाललाय, पण जून ते सप्टेंबर जांबोटी-कणकुंबीकडं किंवा आंबोलीला गेलात तर सोलर जवळपास विसरायचं. एरवी दिवसाला दीड-दोन युनिट देणारं पॅनल पावसात पाव पण देत नाही, आणि झाडाखाली लावली गाडी की संपलंच, एका फांदीची सावली अर्ध्या पॅनलला झोपवते. त्यामुळं डीसी-टू-डीसी चार्जर बसवाच, 30 अँपियरचा. गाडी चालू असताना अल्टरनेटरवरनं फ्रिज-पंख्याची बॅटरी भरते, पंढरपूरपर्यंत चार-पाच तास पळाली की दीड युनिट तरी आत. पण लिथियम थेट स्टार्टर बॅटरीला जोडू नका हं, ती रिकामी असताना एवढं ओढते की अल्टरनेटर तापून जातो. आमच्याकडं एकानं तसंच जोडून दिलं होतं, चोर्ला घाटात वास यायला लागला तेव्हा कळलं.

आणि छताला भोकं पाडण्याआधी विचार करा. ह्यांनी पॅनल कॅरिअरच्या फ्रेमवर बसवलं, खाली चार बोटं हवा खेळते, त्यानं पॅनल कमी तापतं आणि गळतीचा प्रश्नच नाही. बदल आरटीओत नोंदवून घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये येतं ते, नाहीतर इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी बरोबर शोधून काढतात.

खानापूरचा पावणा
लई उपकार ओ सगळ्यांचे. म्हणजे एक पॅनल, 200 एएच, इन्व्हर्टर आणि बॅटरी दोन्ही ओट्याखाली. दुसरं पॅनल गोठ्यावर टाकतो. इंडक्शनचं सांगितलं, तोंड फुगलंय, मिक्सरवर तडजोड झाली. एक राहिलं, जोडायचा क्रम काय? आणि एमपीपीटीत सेटिंग?

उद्यमबागवाला
आधी एमपीपीटीला बॅटरी जोडायची, तिला 12 व्होल्ट ओळखू द्यायचं, मग पॅनल. काढताना उलटं, आधी पॅनल. उन्हात काम करत असाल तर पॅनलवर घोंगडं टाका, ते बंद करायला बटण नसतंय. सेटिंगमध्ये अ‍ॅब्सॉर्प्शन (पूर्ण भरतानाचं व्होल्टेज) 14.2 ते 14.4, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचं) 13.5, इक्वलायझेशन (मुद्दाम जादा चार्ज) बंद. एमपीपीटी ते बॅटरी 16 स्क्वेअर घ्या आणि तिथं पण 50 चा फ्यूज. वायर आत घेताना ग्लँडच्या (वायरीच्या भोकातनं पाणी शिरू न देणारं टोपण) आधी खाली एक वळसा सोडा, पाणी तिथनंच गळून जातंय. 230 च्या बाजूला 30 मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) लावा, इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि अर्थ चासीला बांधायचा की नाही हे मॉडेलवर असतंय, ते चुकलं तर आरसीसीबी ट्रिपच होणार नाही, मॅन्युअलचा फोटो टाका, बघून सांगतो.