पहिला सेफ्टी रेझर कोणता घ्यावा? (बजेट ७००)

खुंटवाला: कार्ट्रिजच्या किमतीला वैतागलोय, शिवाय मानेवर दर वेळी पुरळ. दुधारी ब्लेडचा रेझर घेईन म्हणतो. ७०० पर्यंत काय मिळेल? याआधी कधी वापरलेला नाही.

बापू_सोलापूर: डोळे झाकून मर्कुर ३४सी. जर्मनीतल्या सोलिंगनचा माल. साडेचार हजार मोजले, सात वर्षं झाली, एक ओरखडा नाही.

खुंटवाला: बापू, ७०० हो.

बापू_सोलापूर: तेच सांगतोय, जरा वाढवा.

निवांत_नाना: १९८६ पासून दाढी करतोय. रेझर कुठलाही घ्या, ब्लेड महत्त्वाचं. आणि तुरटी. आफ्टरशेव्ह म्हणजे पैसे उडवायचे धंदे.

चिकित्सक: जिलेटला पेटंट १९०४ चं. आदल्या वर्षी विक्री किती, तर ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं! नंतर पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना रेझर वाटले गेले नि घराघरात पोचले.

निवांत_नाना: बरं मग घ्यायचा कुठला?

चिकित्सक: मी ट्रिमर वापरतो.

ओली_दाढी: पहिल्यांदाच घेताय तर बंद कंगव्याचा (ब्लेडखालची कड सलग असलेला), तीन तुकड्यांचा (डोक्याचे दोन भाग नि दांडा सुटे होणारा) घ्या. उघड्या कंगव्याच्या (त्या कडेला दाते असलेल्या) वाटेला जाऊ नका. म्युलेचा आर४१ मी हौसेनं आणला आणि हनुवटीला कागदाचे तुकडे चिकटवून ऑफिसात गेलो. फुलपाखरू रेझर (दांडा फिरवला की वरची दारं उघडतात तो) सोयीचा दिसतो, पण सांध्यांत साबण साचतो. फेदरचं ब्लेड आत्ता नको, फार धारदार. दुकानदाराकडून दोन-तीन प्रकारची पाकिटं घ्या, गालाला कुठलं मानवतं बघा.
मुख्य म्हणजे दाबायचं नाही. कार्ट्रिजची सवय असते ना, तिथंच घात होतो. ब्लेड आणि कातडीतला कोन साधारण ३० अंश, बाकी काम रेझरच्या वजनावर सोडा. पहिले पंधरा दिवस उलटा हात (केसांच्या वाढीविरुद्ध) मारूच नका. पुरळ त्यानंच येतं.

बापू_सोलापूर: मर्कुर वजनदार आहे, म्हणूनच म्हटलं.

कोथरूडची_काकू: दाढी तुमची, पण वापरलेलं ब्लेड कचऱ्यात सुटं टाकू नका. आमच्या ह्यांनी बेसिनवर ठेवलेलं, मी पुसायला गेले, बोटाला दोन टाके. आता जुन्या बामच्या डबीला वरून फट पाडून दिलीय, त्यातच टाकतात.

निवांत_नाना: ब्लेड महत्त्वाचं, म्हटलंच होतं मी.

नागपूरी_तर्री: प्रवासात हातातल्या बॅगेत ब्लेड नेऊ नका. माझं अख्खं पाकीट विमानतळावर काढून घेतलं. नवं होतं बे.

खुंटवाला: सगळ्यांचे आभार. काल बोहरी आळीत गेलो. फुलपाखरूच घेतला, ६४० ला. ओल्या हातानं तीन तुकडे जुळवणं मला जमायचं नाही. सकाळी पहिली दाढी केली. उजव्या कानाखाली जरा लागलं, मान मात्र शांत आहे. उलटा हात मारला नाही.

ओली_दाढी: दारांच्या फटी जुन्या टूथब्रशनं घासत जा.

बापू_सोलापूर: कानाखाली लागलं ना? ३४सी असता तर लागलं नसतं.