४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे का?

प्रश्न (अंकवेडा):
२ पाया घेऊन फर्मा चाचणी लावली (संख्येला न म्हणायचं, २^(न−१) ला न नं भागायचं; न मूळ असेल तर बाकी १ येते), बाकी १ आली. म्हणजे मूळ असावी. पण सी भाषेतल्या प्रोग्रामात हीच संख्या टाकली की तिची किंमत १ दिसते. हातानं नक्की कसं ठरवायचं?

उत्तर (शेषफळ):
संयुक्त आहे. ही २^३२ + १, म्हणजे पाचवी फर्मा संख्या (२^(२^म) + १ या रूपात म = ५). गणिती फर्माला ती मूळ वाटत होती. ऑयलरनं १७३२ साली अवयव काढले: ६४१ × ६७,००,४१७.

वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे. तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत, पण त्या सगळ्या तपासायची गरज नाही. समजा मूळ संख्या प नं भाग जातो. मग प नं भागल्यावर २^३२ ची बाकी −१ (म्हणजे प − १) आणि २^६४ ची बाकी १. त्यामुळे २ ची कोटी (ज्या सर्वात लहान घाताला बाकी १ येते तो घातांक) बरोबर ६४, म्हणून प − १ ला ६४ नं भाग जायलाच हवा. प ला ८ नं भागून बाकी १ उरते, त्यामुळे २ ही प च्या सापेक्ष वर्गशेष ठरते, म्हणजे कुठल्या तरी संख्येच्या वर्गाला प नं भागून बाकी २ येते; त्या संख्येची कोटी १२८, म्हणून ६४ चे १२८ होतात. आता फक्त १२८क + १ पाहायच्या: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांत मूळ दोनच. २५७ ला बाकी २ उरते, ६४१ ला पूर्ण भाग जातो.

भागाकार न करताही पटतं, आणि हे फार देखणं आहे: ६४१ = ५ × २^७ + १ आणि ६४१ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. ५^४ च्या जागी −२^४ ठेवा, −२^३२ ची बाकी १. झालं!

उत्तर (घातांक):
चाचणीत २ हा पायाच इथे कुचकामी. २^६४ ची बाकी १ आणि न − १ = २^३२ ला ६४ नं भाग जातो, त्यामुळे बाकी १ येणारच. २ पाया ठेवून मिलर-राबिन (फर्मा चाचणीपेक्षा कडक चाचणी) लावलीत तरी संख्या मूळ असल्यासारखी निसटते. ३ घ्या: ३^(न−१) ची बाकी ३,०२,९०,२६,१६० येते.

अंकवेडा:
६७,००,४१७ मूळ कशावरून?

उत्तर (शेषफळ):
तिचा प्रत्येक मूळ अवयवही १२८क + १ याच रूपाचा. वर्गमूळ २,५८८ च्या आसपास, तोवर अशा मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, १,१५३, १,४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही. म्हणून ती मूळ, आणि ४,२९,४९,६७,२९७ चे विभाजक एकूण चारच.

प्रोग्रामात १ दिसतो कारण ३२ बिटांत २^३२ − १ पर्यंतच मावतं, वरचा बिट गळतो. ६४ बिटांचा प्रकार वापरा. घात काढताना मात्र दोन बाक्यांचा गुणाकार ६४ बिटांच्याही जरा बाहेर जाऊ शकतो, तिथे १२८ बिटांचा घ्या.