दुपारी एकची बोली आणि उपाशी पोटाचा होकार

कळमनेकर :
नागपूरच्या कळमना बाजारात अडतीच्या, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देण्याच्या, धंद्यात माझी बावीस वर्षे गेली. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना, पहाटे तीनला भिवापूरहून मिरची घेऊन निघालेला शेतकरी दुपारी एकपर्यंत पोत्यावरच बसून असतो; सकाळचा चहा सोडला तर पोटात काही नसते आणि बाटलीतले पाणी आंघोळीच्या पाण्यासारखे तापलेले असते. सकाळी सातला हाच माणूस मूठभर मिरची कानाशी हलवून बियांचा खुळखुळाट ऐकवतो आणि वाळलेल्या मालाचा भाव मागतो; दुपारी मात्र पहिल्याच बोलीला ‘द्या बाप्पा, मोकळं करा’ म्हणतो. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या २०१९ च्या प्रयोगात उपाशी माणसांची थांबण्याची तयारी अन्नाबाबतच नव्हे, तर पैशांबाबतही घटलेली दिसली. उद्याच्या मोठ्या रकमेपेक्षा आजची लहान रक्कम त्यांना बरी वाटली. म्हणून उन्हाळ्यात साडेबारानंतर लिलाव ठेवूच नये, असे माझे मत आहे. (भाव वाढला तर माझी अडतही वाढते, हेही सांगून टाकतो.)

शंकेखोर :
आपला अनुभव मी नाकारत नाही, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. अशा चर्चेत इस्रायलमधील न्यायाधीशांचा २०११ चा अभ्यास हमखास निघतो, म्हणून आधी त्याचेच बोलतो. पॅरोलचे अर्ज सत्राच्या सुरुवातीला सुमारे ६५ टक्के मंजूर होत, विश्रांतीच्या आधी हे प्रमाण शून्याजवळ जाई आणि खाणे झाल्यावर पुन्हा वर चढे, असे त्यात आढळले. परंतु अर्जांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरलेला नव्हता. वकील नसलेले कैदी बहुधा सत्राच्या शेवटी येत, आणि त्यांचे अर्ज तसेही कमी मंजूर होतात. पोटाला दोष देण्याआधी रांग पाहावी. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठाच्या २०१४ च्या प्रयोगात तर पत्त्यांच्या जुगारासारख्या खेळात उपाशी मंडळींनीच अधिक फायद्याची निवड केली. आपला शेतकरी दुपारी मान डोलावतो, कारण तोवर चांगले खरेदीदार निघून गेलेले असतात आणि गाडीवाला परतीची घाई करत असतो. हा हिशेब झाला, भूक नव्हे.

कळमनेकर :
खरेदीदार पांगतात हे मान्य. पण यंदा एके दिवशी आवकच उशिरा झाली, लिलाव अकराला सुरू झाला, दीडपर्यंत सगळे खरेदीदार जागेवर होते, तरीही होकार तसाच आला. खरेदीदार मध्येच जाऊन तर्री-पोहे खाऊन येतो, शेतकरी माल सोडून उठत नाही, हेही लक्षात घ्यावे.

मज्जातंतू :
आपण दोघेही भूक आणि तहान एकाच पोत्यात भरत आहात. भूक पुढे ढकलता येते. तहानेला तेवढा धीर नसतो, कारण रक्तातील क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी मेंदू पाण्याचा धोशा लावतो. उंदरांवरील २०१५ च्या प्रयोगात मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील भूक चेतवणाऱ्या पेशी अन्न नुसते दिसताच, घास पोटात जाण्याआधीच शांत होऊ लागल्या. पुढच्याच वर्षी तहानेच्या पेशींबाबतही असेच दिसले: प्यायलेले पाणी रक्तात उतरायला बरीच मिनिटे लागतात, पण त्या पेशी मिनिटभरातच मंदावतात. उंदराचे माणसाला जसेच्या तसे लागू होत नाही, तरीही लिलावाची वेळ बदलण्यासाठी ठराव करत बसण्यापेक्षा बोलीआधी गडवाभर गार पाणी देणे सोपे आहे.

शंकेखोर :
पाण्याला माझा विरोध नाही, पुराव्याशिवाय त्याला श्रेय देण्याला आहे. दोन आठवडे चिठ्ठ्या टाकून निम्म्या शेतकऱ्यांना बोलीआधी पाणी द्यावे, निम्म्यांना बोलीनंतर, आणि पहिल्या बोलीला होकार देणारे किती निघतात ते दोन्हीकडे मोजावे. वहीत नोंद करणाऱ्या मुनीमाला कोण कोणत्या गटातला हे कळू देऊ नये.

कळमनेकर :
मुनीमाचे जमेल. पण ४५ अंशांत माठ समोर असताना ‘तुमची चिठ्ठी निघाली नाही, नंतर प्या’ असे माझ्या गाळ्यावर कोणाला सांगता येणार नाही. सोमवारपासून सर्वांनाच पाणी देतो आणि मागच्या मे महिन्याच्या वहीशी ताडून पाहतो.

शंकेखोर :
मागच्या वर्षीची आवक वेगळी होती आणि भावही वेगळा होता. त्या तुलनेतून काहीच सिद्ध होणार नाही. पाणी मात्र द्यावेच.