जुन्या गोदामाचं हीटिंग बदलायचंय: तेवढ्याच क्षमतेचा बॉयलर, हीट पंप की रेडियंट ट्यूब?

जुनी_वखार:
६० × ४० मीटरचं जुनं गोदाम, उंची सरासरी ८ मीटर. भिंती ९ इंची विटांच्या, छताला एकेरी लोखंडी पत्रा, इन्सुलेशन शून्य. तेलावरचा ६०० किलोवॅटचा बॉयलर आणि गरम पाण्याचे १२ युनिट हीटर (गरम पाण्याच्या नळ्यांवरून पंख्यानं हवा फुंकणारे), सगळे ६ मीटरवर टांगलेले. पाणी ८० अंशांनी जातं, ६० नं परत यावं अशी मूळ रचना. बाहेर उणे ५ असताना आत १५ हवेत. प्रत्यक्षात खाली ११-१२ च्या वर काटा जात नाही, पत्र्याखाली मात्र २० असतं. माणसं फक्त एका टोकाच्या पॅकिंगच्या भागात (१५ × ४० मी.) दिवसभर उभी असतात, बाकी सगळे रॅक. ट्रकसाठी चार मोठी शटरं. आग विझवणारे स्प्रिंकलर आहेत.
बॉयलर संपलाय. तेवढाच नवा बसवावा, जुन्याच युनिट हीटरवर हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारं विजेचं यंत्र) चालेल, की सगळं काढून रेडियंट ट्यूब (वर टांगलेल्या, किरणांनी उष्णता देणाऱ्या तापलेल्या नळ्या) लावाव्यात?

उष्मागणित:
यंत्राचं नंतर बघू. आधी उष्णता जाते कुठे ते मांडा. १५ आणि उणे ५, म्हणजे २० अंशांचा फरक.

छत: २,४०० चौ.मी. × ६.५ (उघड्या पत्र्याची यू-व्हॅल्यू: चौरस मीटरमागे, एका अंशाच्या फरकाला किती वॅट उष्णता जाते) × २० = ३१२ किलोवॅट.
भिंती: १,६०० × २.१ × २० = ६७.
जमीन: ढोबळ १५.
फटींतून येणारी हवा: १९,२०० घनमीटर × ०.३३ (घनमीटर हवा एक अंश तापवायला लागणारे वॅट-तास) × तासाला १ बदल × २० = १२७.

बेरीज ५२१. पण पत्र्याखाली २० अंश आहेत म्हणता, म्हणजे छतासाठी फरक २० नाही, २५ धरायला हवा. ३१२ चे ३९० झाले आणि बेरीज गेली ६०० वर. बॉयलर पूर्ण ताकदीनं चालला तरी जेमतेम पुरेल, आणि त्यात शटरं उघडी राहण्याचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

आता पत्र्याखाली १०० मिमी रॉकवूल घाला. यू-व्हॅल्यू पर्लिनमधून (पत्रा पेलणारे आडवे लोखंडी दांडे) निसटणारी उष्णता धरून ०.४ च्या आसपास येते. छताचे ३१२ किलोवॅट १९ वर येतात. फटी बुजवून हवेचा बदल तासाला अर्ध्यावर आणलात तर १२७ चे ६३. एकूण साधारण १६५ किलोवॅट. सकाळी लवकर तापवण्यासाठी थोडी जादा क्षमता धरून २०० चं यंत्र. ६०० चा नवा बॉयलर घेतलात तर पैसे पत्र्यातून बाहेर घालवायलाच घेतलात.

दोन गोष्टी चुकतात. बाष्परोधक थर आतल्या, उबदार बाजूला हवा आणि सांधे टेपनं पूर्ण बंद हवेत. तो राहिला की आतली ओल थंड पत्र्याला जाऊन लागते, रॉकवूल भिजतं आणि पाणी खोक्यांवर ठिबकतं. दुसरं वजन: ५० किलो घनतेचं १०० मिमी रॉकवूल चौरस मीटरला ५ किलो, म्हणजे छतभर १२ टन. जुन्या कैच्यांना ते पेलतंय का, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

पडताळा म्हणून सगळ्यात थंड आठवड्याचं तेल काढा. लिटरमागे १० किलोवॅट-तास, जुन्या बॉयलरची कार्यक्षमता ७५ टक्के धरा, आठवड्याच्या तासांनी भागा. सरासरी भार मिळेल. वरच्या गणितापासून तो फारच लांब असेल तर हवेचा बदल चुकीचा धरलाय.

नळजोडणी:
वरच्या हिशेबाशी सहमत. आणि त्याच हिशेबानं हीट पंपाचाही प्रश्न सुटतो.

युनिट हीटरची ताकद पाण्याचं सरासरी तापमान वजा हवेचं तापमान यावर ठरते. ८०/६० ला ७० − १५ = ५५. ५०/४० ला ४५ − १५ = ३०. म्हणजे मूळच्या ५५ टक्के. आज असेच जोडलेत तर ६०० च्या जागी ३३० मिळतील आणि माणसं गारठतील. इन्सुलेशन झाल्यावर लागणारच १६५, मग जुने हीटर पुरून उरतात. पाइपही पुरतात: १६५ किलोवॅट १० अंशांच्या फरकानं न्यायला तासाला साधारण १४ घनमीटर पाणी लागतं, मूळ रचनेत ६०० साठी २६ होतं. फक्त हवा कोमट सुटेल, ती अंगावर आली तर थंडच वाटते. पंख्याचा वेग कमी करा आणि पॅकिंगच्या टेबलांवर झोत सोडू नका.

हीट पंपाची क्षमता कॅटलॉगच्या पहिल्या पानावरून घेऊ नका, ती बहुधा बाहेर ७ आणि पाणी ३५ अंशांची असते. उणे ५ ला ५० अंशांचं पाणी देताना, डीफ्रॉस्ट (बाहेरच्या भागावरचा बर्फ वितळवणं) धरून किती, तो आकडा लेखी मागा. कडाक्याच्या दिवसांसाठी लहान बॉयलर जोडीला ठेवला तर पंप बराच लहान घेता येतो.

जुन्या लाइनमधला काळा गाळ हा खरा शत्रू. नवं यंत्र त्यावर थेट जोडलं की त्यातला एक्स्चेंजर (पाणी न मिसळता उष्णता पलीकडे देणारा भाग) चोंदतो. लाइन धुवा, परतीच्या पाइपवर चुंबकीय गाळणी बसवा, आणि जुनं-नवं पाणी प्लेट एक्स्चेंजरनं वेगळंच ठेवा (यात दोन-चार अंश जातात, ते धरा). युनिट हीटरच्या पट्ट्या हवेच्या दाबानं उलट्या दिशेनं साफ करून घ्या. खाली ११ अंश राहण्यात त्यांचाही हात असणार.

गाळ येतो कुठून? एक्स्पान्शन टाकीतली हवा गेलेली असते. पाणी १० वरून ८० अंशांवर गेलं की जवळपास ३ टक्के फुगतं. ३,००० लिटरच्या लाइनला ९० लिटर. जागा नाही म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो, थंड झाल्यावर दाब पडतो, कुणीतरी ताजं पाणी भरतं, त्यातला ऑक्सिजन लोखंड खातो. टाकीचा हवेचा दाब पाणी काढून मोजा: दर मीटर उंचीला ०.१ बार, वर ०.३.

लालट्यूब:
ट्यूब फक्त पॅकिंगच्या ६०० चौ.मी. पुरत्या लावा. तिथं त्यांना तोड नाही, कारण हवा न तापवता माणूस आणि जमीन तापते. रॅकच्या भागात मात्र वरची खोकी भाजतात आणि खालची सावलीत थंड राहतात. ज्वलनशील मालापासूनचं अंतर मॅन्युअलमध्ये मॉडेलनुसार दिलेलं असतं, ते रॅक पूर्ण भरलेले धरून मोजा.

ट्यूबजवळचे, ६८ अंशांना फुटणारे स्प्रिंकलर उगाच फुटू शकतात. तिथं जास्त तापमानाचे हेड लागतील, ते अग्निसुरक्षेच्या डिझायनरलाच ठरवू द्या. थर्मोस्टॅट काळ्या गोळ्याचा (किरणांची उष्णताही मोजणारा) घ्या, साधा थर्मोस्टॅट फक्त हवा मोजतो आणि ट्यूब गरजेपेक्षा जास्त चालवतो.

धुरांड्याशिवायचे हीटर स्वस्त म्हणून कुणी गळ्यात मारेल. १ किलो एलपीजी जळताना १.६ किलो पाणी तयार होतं. ते जाणार कुठे? थंड पत्र्यावर. कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहेच.

पंखा_फिरतोय:
छताखाली मोठे संथ पंखे लावा. वरची उष्णता खाली येते आणि छताचा तो २५ चा फरक कमी होतो. पंख्याचा मध्य चार स्प्रिंकलरच्या मधोमध, हेडपासून खाली किमान ३ फूट, आणि स्प्रिंकलरचं पाणी सुटताच पंखा बंद होईल अशी वायरिंग. शटरला लिमिट स्विच: दोन मिनिटांपेक्षा जास्त उघडं राहिलं की त्या बाजूचे हीटर बंद. सेन्सर दीड मीटरवर, आतल्या खांबावर. बाहेरच्या भिंतीवर किंवा शटरजवळ नको.

जुनी_वखार:
चित्र स्पष्ट झालं, आभार. रॅकमधल्या मालाला खरं तर ५ अंश पुरतात, तो झोन वेगळा करतो. एक राहिलं: जुन्या पाइपांवर पांढरं प्लास्टरसारखं वेष्टन आहे. ते आमच्या माणसांनी काढलं तर चालेल का?

नळजोडणी:
अजिबात नाही. तसं वेष्टन अॅस्बेस्टॉसचं असू शकतं, आणि नुसतं बघून ते ओळखता येत नाही. प्रशिक्षित माणसाकडून नमुने घेऊन प्रयोगशाळेत तपासा, तेही प्रत्येक लाइनवरून वेगळे, कारण दुरुस्तीत वेगवेगळं वेष्टन चढलेलं असतं. बॉयलरच्या दारांच्या दोऱ्या आणि फ्लँजच्या गॅस्केटही त्या यादीत घ्या. अहवाल येईपर्यंत तिथं ड्रिल, करवत, झाडू काहीच नको. ५ अंशांचा झोन करणार असाल तर त्या बाजूच्या पाइपांवर गोठणरोधक थर्मोस्टॅट वेगळा ठेवा. हवा ५ अंश असली तरी शटरजवळचा पाइप गोठू शकतो.