गेटातली काळी पिशवी

वहिनी तळमजला: आज परत तेच. कचऱ्याच्या गाडीवाल्यानं गाठ मारलेली काळी पिशवी उचलली नाही, गेटातच टाकून गेला. पाणी गळतंय, माझ्या खिडकीखाली. ज्याची आहे त्यानं घेऊन जावी. नाव माहीत आहे, लिहीत नाही.

तात्या २०१: १२० मायक्रॉन जाडीची असली तर चालते. केंद्राचा नियम, ३१ डिसेंबर २०२२ पासून.

सेक्रेटरी: तात्या, आपल्या कर्नाटकात मार्च २०१६ पासूनच कॅरीबॅग बंद आहे, जाडी कितीही असू दे. आणि गाठ मारलेला कचरा तो गाडीवर वेगळा कसा करणार?

अक्का ३०२: गाडी येते तेव्हा मी ड्यूटीवर. दोन दिवस डब्यात ठेवला की अळ्या होतात. उपाय सांगा की, नुसतं रागावून काय होतंय?

वहिनी तळमजला: तुम्हाला नाही म्हटलं अक्का.

अक्का ३०२: नाव माहीत आहे म्हटलात नव्हं.

काकू १०३: अक्का, खरकटं आधी जाळीत निथळून घ्या, वास पाण्यानंच येतो. डब्याच्या तळाला पेपरची दोन पानं. मासळीचे काटे पेपरात गुंडाळून फ्रीजरात, गाडी येईल त्या दिवशी बाहेर. पहिले आठ दिवस मलाबी जड गेलं.

दादा ४०४: फ्रीजरात काटे! आई मला घराबाहेर काढील 😂

काकू १०३: आईला माझ्याकडे पाठव.

दादा ४०४: मी रोज हद्दीपलीकडं महाराष्ट्रात शिनोळीला जातोय, तिकडनं पिशव्या आणू काय?

सेक्रेटरी: महाराष्ट्रातबी २०१८ पासून बंदी आहे रे.

अक्का ३०२: एका गोष्टीत तरी दोन्ही राज्यं एक झाली 🙏

तात्या २०१: १२० मायक्रॉन. परत सांगतो.

आजोबा ४०१: तात्या, वडगाव शिवारात माझं भात आहे. पाऊस जोरात झाला की बळ्ळारी नाल्याचं पाणी आत शिरतं. ओसरल्यावर बांधाला पिशव्याच पिशव्या. गेल्या सुगीत विळ्याला अडकत होत्या. बासमतीची जमीन आहे ही. मला मायक्रॉन सांगू नका.

तात्या २०१: तुम्हाला नाही बोललो आजोबा. नियम सांगितला.

दादा ४०४: मोटर कुणी चालू ठेवलीय? टाकी वाहतेय.

सेक्रेटरी: बंद केली. मेंटेनन्स राहिलेल्यांनी भरावा.

वहिनी तळमजला: पिशवीचं बोला आधी.

काकू १०३: आणि दुकानात कापडासारखी मिळते ती पिशवीबी प्लॅस्टिकच असते. माझ्याकडे जुन्या साड्यांच्या शिवलेल्या आहेत, न्या कुणीबी. दोन गाडीच्या डिकीतच ठेवा. घरात ठेवली की गणपत गल्लीत भाजीवाल्यापुढं आठवते.

अक्का ३०२: दोन मला. वहिनी, ती पिशवी माझी नाही. तरी संध्याकाळी आल्यावर मी डब्यात ओतते.

वहिनी तळमजला: नको. मीच ओतली आता. तुम्हाला बोलायला नको होतं.

तात्या २०१: रिकामी पिशवी कुठं टाकली?