मदत हवी आहे: पाठ्यपुस्तकात मुलांना लिहू द्यावं का?

नमस्कार मंडळी. मुलगा सातवीला आहे, मराठी माध्यम. २०२३-२४ पासून बालभारतीच्या पुस्तकांत धड्यांना जोडून ‘माझी नोंद’ची कोरी पानं होती, तेव्हा त्याला पुस्तकातच लिहायची सवय लागली. कठीण शब्दाचा अर्थ, बाईंनी फळ्यावर काढलेली आकृती, सगळं तिथेच. २०२५-२६ पासून ती पानं गेली, सवय मात्र राहिली.

आता वर्गशिक्षिका म्हणतात, पुस्तकावर एक रेघही नको, वर्षअखेरीस परत घेऊन पुढच्या मुलांना द्यायचं आहे. त्यांचं म्हणणं पटतं. माझं स्वतःचं शिक्षण जुन्या बाजारातल्या अर्ध्या किमतीच्या पुस्तकांवर झालंय. (आधीच्या मालकाने समासात लिहिलेल्या अर्थांनीच मला इंग्रजीत तारलं, ही गोष्ट वेगळी!)

परवा रात्री दोघं बसून विज्ञानाचं पुस्तक खोडत होतो. पेन्सिल निघाली, पण एका आकृतीवर खोडरबर इतकं घासलं की कागदच फाटला. पोरगं रडवेलं झालं. वेगळी वही दिली, तर धडा एकीकडे नि नोंद दुसरीकडे, म्हणून तो काही लिहीतच नाही.

इथल्या शिक्षकांना विचारायचंय, तुम्ही वर्गात काय करता? फिकट पेन्सिल चालवून घेता का? चिकटचिठ्ठ्या वर्षभर टिकतात का? आणि धाकटीच्या स्वाध्यायपुस्तिकेत मावसबहिणीची उत्तरं आधीच भरलेली आहेत. खोडून वापरू, की नवीनच घेऊ?