मदत हवी आहे: एकाच गिऱ्हाइकावर चालणारा कारखाना दुसऱ्या कामाकडे वळवताना कामगारांना कधी सांगावं?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) आमचं मशीन शॉप आहे, उद्यम नोंदणी लघु उद्योगात. निम्म्याहून जास्त काम एकाच मोठ्या कंपनीचं. आता त्यांना दर कमी हवेत, शिवाय पेमेंट 90 दिवसांनी. कायद्याने लेखी करार असला तरी 45 दिवसांचीच मर्यादा आहे आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते, हे ठाऊक आहे. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेलीच, म्हणून तो सल्ला कृपया नको.

प्रत्येक जॉबचं कॉस्टिंग करून घेतलं; दोन चक्क तोट्यात निघाले. नव्या कामासाठी व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांना नमुने दिलेत, एका ट्रायल ऑर्डरची आशा आहे. बँक सीसी लिमिट (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा) वाढवत नाही. कुणालाही काढायचं नाही, हे पक्कं.

अडलंय ते माणसांपाशी. वडिलांच्या वेळचे टर्नर काका लेथ पुसता पुसता विचारतात, "भाऊ, या खेपेला बारचा कच्चा माल कमी का आला?" आत्ताच सांगितलं तर चांगले कारागीर शेजारच्या शेडमध्ये जातील, लपवलं तर विश्वास जाईल, आणि मला ते जास्त जिव्हारी लागेल.

ज्यांनी असा बदल पार पाडलाय त्यांनी सांगा: कामगारांना आकड्यांसकट आधीच सांगितलंत, की नवी ऑर्डर हातात आल्यावर? आणि तोट्यातले जॉब लगेच सोडलेत, की आधी दर वाढवून मागितलेत?